कडवा होना क्या मीठा?

शहागंजच्या घड्याळाला पाठ देऊन तुम्ही उभे आहात. मे संपत आलाय, दुपारचे साडेतीन वाजलेत. समोर मशिदीचा उंच चौथरा आणि त्याला तिन्ही अंगांनी चिकटलेली दुकानं. उत्तरेची बाजू तेवढी पायऱ्यांसाठी मोकळी. हातगाड्यांवर चपला, टॉवेल, आंबे, बटाटे. रिक्षावाले एकमेकांना वाट देत नाहीत, पण शिव्याही मनापासून देत नाहीत. तुमच्या खिशात मावशीनं लिहून दिलेली चिठ्ठी आहे: हरडा, सुंठ, इंद्रजव पन्नास ग्रॅम. वैद्यांनी सांगितलंय म्हणे.

जडीबुटीच्या दुकानात उजेड कमी आणि वास फार. दारात गोण्या, मागच्या भिंतीला पत्र्याचे डबे, त्यांवर उर्दूत आणि देवनागरीत चिकटवलेली नावं. गादीवरचे चाचा चष्म्याच्या वरून बघतात.

"चाचा, इंद्रजव पाहिजे. पन्नास ग्रॅम."

"कडवा होना क्या मीठा?"

आता आली का पंचाईत. चिठ्ठीत नुसतं इंद्रजव लिहिलंय. मावशीला फोन लावता, ती उचलत नाही. चाचांना अशी गिऱ्हाइकं रोजचीच. ते दोन डबे उघडतात आणि कागदाच्या दोन तुकड्यांवर चार-चार दाणे टाकतात. दोन्ही लांबट, दोन्ही तपकिरी, दोन्ही जवाच्या दाण्याचे चुलतभाऊ वाटावेत असे. नुसत्या डोळ्यांनी तुम्हाला फरक कळत नाही.

"चाब के देखो," चाचा म्हणतात.

पहिल्या कागदावरचा दाणा चावता. काही नाही, किंचित पिठूळ, शेंगदाण्याची सालं चघळल्यासारखं. दुसऱ्या कागदावरचा चावता. एक क्षण तोही तसाच. मग जिभेच्या मुळाशी काहीतरी पेटतं आणि घशाकडं सरकतं. कारलं याच्यापुढं लेकरू आहे. तुम्ही डोळे मिटता, आणि रिक्षांचे हॉर्न बंद होतात.

डोळे उघडता तेव्हा घड्याळाचा मनोरा नाहीये. मशीद आहे, पण चौथऱ्याला ओल्या चुन्याचा वास येतोय. साल १७२५च्या आगेमागे. औरंगजेब जाऊन अठरा वर्षं झालीत, खुलताबादेत त्याची साधी कबर आहे, आणि दख्खनची राजधानी म्हणून या शहराचा दिमाख अजून उतरलेला नाही. तुमच्यासमोर पाणी आहे. भलामोठा हौद. खाफी खान नावाचा इतिहासकार याच काळात आपली बखर लिहितोय, आणि त्यानं या हौदाची नोंद केली आहे: सय्यद हुसेन खानानं आपल्या सुभेदारीत तो सुरू केला, पुढं ऐवज खानानं इमारती आणि मशीद वाढवली, तरी उन्हाळ्यात पाण्याचे हाल होतात तेव्हा लोकांना दिलासा देणाऱ्या त्या हौदाचं मूळ श्रेय हुसेन खानाचंच, असं तो आवर्जून सांगतो. श्रेयावरून वाद तेव्हाही होते तर. आजही शहरात किती दिवसांनी पाणी येतं यावर निवडणुका लढवल्या जातात, त्यामुळं खाफी खानाची कळकळ तुम्हाला परकी वाटत नाही.

एक भिश्ती मशक भरतोय. तुम्हाला तहान लागली आहे, तोंड कडू आहे, तुम्ही ओंजळ पुढं करता.

थांबा. त्या ओंजळीत काय असू शकतं ते या शहरात कुणाला माहीत नाही, आणि आणखी दीडशे वर्षं जगातही कुणाला कळणार नाही. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी एक गोल पेटी, आत चार केंद्रकं. अमीबाचं कवच. पोटातल्या आम्लाला ते दाद देत नाही. आतड्यात पोचल्यावर फुटतं, आणि आतला जीव आतड्याची भिंत कुरतडायला लागतो. १८७५ साली सेंट पीटर्सबर्गला फ्योदोर ल्योश नावाचा डॉक्टर एका रुग्णाच्या शौचात तो पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली नीट बघेल. इथं त्याचं नाव एकच: आव-रक्त. हौद तहान भागवतो आणि कधीकधी हगवणही देतो, दोन्ही एकाच ओंजळीत. प्यायचं की नाही तुम्ही ठरवा. भिश्ती थांबणार नाही.

हौदाच्या पलीकडं एका ओसरीवर एक आजारी शिपाई पडलाय, गाल आत गेलेले. हकीम नुस्खा लिहितात. फारसी अक्षरांतलं एक नाव तुमच्या कानावर पडतं: लिसानुल असाफीर. चिमणीची जीभ. अरबी वैद्यकात हे नाव मुळात दुसऱ्याच एका झाडाच्या फळाचं. हिंदुस्थानात येता येता ते इंद्रजवावर येऊन बसलं. बी खरंच चिमणीच्या जिभेसारखं दिसतं म्हणून चाललं. पण नाव एकाचं आणि माल दुसऱ्याचा, हे या झाडाच्या पाचवीलाच पुजलंय, लक्षात ठेवा. शिपायाचा पोरगा चिठ्ठी घेऊन अत्ताराकडं धावतो, तुम्ही त्याच्या मागं. अत्तार चिठ्ठी वाचतो आणि विचारतो:

"तल्ख की शीरीं?"

कडवा की मीठा. पोराला माहीत नाही. त्यालाही दाणा चावायला मिळतो.

गल्लीच्या दुसऱ्या टोकाला एखादे वैद्यबुवाही असतील. त्यांच्या लेखी हे झाड कुटज, म्हणजे आपला कुडा, बी इंद्रयव, आणि चरकाच्या यादीत कुटजाची साल मळ बांधणाऱ्या द्रव्यांत अव्वल. झाडाची कथाही ते सांगतील: रामाच्या सैन्यातल्या मेलेल्या वानरांवर इंद्रानं अमृत शिंपडलं, त्याचे थेंब जिथं जिथं भुईवर पडले तिथं कुडा उगवला. कथा सुंदर आहे. अमृत इतकं कडू कसं, हे मात्र कथेत कुणी विचारत नाही.

कडूपणा उतरायला लागतो. दुसरा दाणा तोंडात टाका, परत फिरायची घाई नको.

आता समुद्राचा वास. गोवा, १५६३. गार्सिया द ओर्ता नावाच्या पोर्तुगीज वैद्याचं संवादरूपी पुस्तक नुकतंच छापून झालंय. हिंदुस्थानात छापखाना येऊन दहाएक वर्षंही झालेली नाहीत. त्या पानांत हगवणीवर चालणाऱ्या एका मलबारी झाडाची गोष्ट आहे, आणि आपल्याकडच्या लोकांनी सांगितलेलं नाव त्यानं कानाला ऐकू आलं तसं पोर्तुगीज स्पेलिंगात उतरवलंय. तुम्ही मोठ्यानं वाचलंत तर 'कुडा' ऐकू येतो. इथून नाव युरोपात गेलं, मागोमाग साल गेली. आणि १७५३ साली लिनियसनं त्याला शास्त्रीय नाव दिलं तेव्हा दोन वेगळी झाडं एका नावाखाली कोंबली गेली: मलबारचं खरं औषधी झाड आणि त्याच्यासारखं दिसणारं श्रीलंकेतलं एक झुडूप. पुढं रॉबर्ट ब्राऊननं दोघांचे वंश वेगळे केले, पण 'हगवणनाशक' हे विशेषण त्या दुसऱ्याच झुडपाला कायमचं चिकटून राहिलं. आजही आहे.

मराठीत हा घोळ नाही, हे तुम्ही अभिमानानं सांगू शकता. आपल्याकडं पांढरा कुडा वेगळा आणि काळा कुडा वेगळा. पांढऱ्याची साल आणि बी कडू, ते हगवणीचं औषध. काळ्याचं बी गोडं, पानांतून निळा रंग निघतो, लाकूड गुळगुळीत आणि खेळण्यांच्या कामाचं. चन्नपट्टणची लाकडी खेळणी याच झाडाची. रानात राहणाऱ्या माणसाला दोन्ही झाडं शेजारी दिसली तरी चुकत नाही. चुकतो तो सालीची गोणी विकत घेणारा. वाळलेल्या सालीला ना पान, ना फूल.

आता तिसरा दाणा. हा जपून चावा, कारण खरं काम इथं आहे.

मुंबई, १८५८. भायखळ्याचं ग्रँट मेडिकल कॉलेज, उघडून तेरा वर्षं झालेलं. औरंगाबाद निजामाच्या राज्यात आहे, तेव्हा तुम्ही इथं जवळजवळ परदेशात आला आहात. बाहेर विहारच्या तलावाचं काम चाललंय, दोन वर्षांनी मुंबईला नळाचं पाणी मिळेल; सध्या विहिरी आणि तळी, आणि अर्थात आव-रक्त. एका टेबलावर डॉ. रॉबर्ट हेन्स कुड्याच्या सालीची भुकटी घेऊन बसले आहेत. त्यांच्यापुढं प्रश्न तोच आहे, चाचांनी तुम्हाला विचारलेला. युरोपात या सालीचं नाव एकदा चांगलं झालं, मग मातीत गेलं, कारण काळ्या कुड्याची साल पांढऱ्याच्या नावानं विकली जात होती. कुणी ती घेऊन बघायचं, काही गुण यायचा नाही, मग औषधच खोटं ठरायचं. कडू साल खरी, हे बाजारातल्या अत्ताराला ठाऊक होतं. हेन्सना त्या कडूपणाला बाटलीत धरायचं होतं.

असा कडूपणा पकडायची युक्ती साधी आहे, आणि तुम्ही त्यांच्या शेजारी उभं राहून ती बघू शकता. साल आंबट पाण्यात, म्हणजे थोडं आम्ल घातलेल्या पाण्यात भिजवायची. कडूपणा पाण्यात उतरतो. मग त्या पाण्यात अमोनियासारखा अल्कली टाकायचा. पाणी गढूळ होतं, तळाशी पांढुरका साका बसतो. पाणी आता फारसं कडू राहत नाही; कडूपणा साक्यात गेला. आम्लात विरघळतो आणि अल्कलीत बाहेर पडतो, म्हणजे पदार्थ स्वतः अल्कलीसारखा वागतो. हे लक्षण ज्याच्या अंगी असतं त्याच्या पोटात बहुतेक नायट्रोजन असतो. अशा वनस्पतिजन्य नायट्रोजनी पदार्थांना अल्कलॉइड म्हणतात. अफूतलं मॉर्फीन, सिंकोनातलं क्विनीन, कुचल्यातलं स्ट्रिकनीन सगळी याच गोत्रातली. हेन्सनी आपल्या पदार्थाला कोनेसीन नाव दिलं, कारण इंग्रज व्यापारी सालीला 'कोनेसी' म्हणत. मुंबईच्या वैद्यकीय संस्थेच्या कार्यवृत्तात ते छापून आलं.

हे आपल्या मुंबईत झालं. शाळेच्या पुस्तकात मात्र हेन्स नाहीत. असो.

त्या साक्यात नक्की काय होतं हे हेन्सना कळणं शक्य नव्हतं. रेणूंच्या आकृत्या काढायची भाषाच त्या वर्षी जन्माला येत होती: कार्बनला चार हात असतात आणि ते एकमेकांचे हात धरतात, हे केकुले आणि कूपर या दोघांनी मांडलं ते १८५८मध्येच. कोनेसीनचा पूर्ण नकाशा कागदावर यायला पुढं जवळजवळ शतक लागलं.

मधल्या दोन थांब्यांवर फार वेळ घालवू नका. कलकत्ता, १९३०च्या सुमारास: ट्रॉपिकल मेडिसिनच्या शाळेत ॲक्टन आणि चोप्रा सालीतली सगळी अल्कलॉइडं बिस्मथ आणि आयोडीनबरोबर बांधून जुनाट अमीबिक हगवणीवर देऊन बघत आहेत, बरे परिणाम दिसतात, औषध दवाखान्यांत पोचतं. दिल्ली, १९३२: करोलबागेतल्या तिब्बिया कॉलेजात, ज्याचं उद्घाटन गांधीजींनी केलं होतं, सलीमुज्जमान सिद्दीकी आणि पी. पी. पिल्ले कुड्याच्या सालीतून कोनेसीनची भावंडं वेगळी काढत आहेत, कोनेसिमीन, होलारिमीन. जर्मनीत रसायन शिकून आलेल्या सिद्दीकींना हकीम अजमल खानांनी युनानी औषधं तपासायला बसवलं होतं. सर्पगंधेतून काढलेल्या अल्कलॉइडला त्यांनी हकीमसाहेबांचंच नाव दिलं, अजमलीन. शहागंजच्या ओसरीवरचे हकीम आणि ही काचेची नळी, यांच्यामध्ये दोनशे वर्षं आणि एकच झाड.

आता जरा मोठी उडी. तुम्हाला लहान व्हायचंय, इतकं लहान की कोनेसीनचा एक रेणू वाड्याएवढा वाटेल.

तुम्ही चार चौकांच्या वाड्यात उभे आहात. तीन चौक सहा कोनांचे, चौथा पाच कोनांचा, आणि लगतच्या चौकांची भिंत सामायिक, जुन्या औरंगाबादेतल्या भाऊबंदांच्या वाड्यांसारखी. कोपऱ्याकोपऱ्याला कार्बन, एकूण सतरा. ही स्टेरॉइडची चौकट. इथं घाबरायचं कारण नाही. स्टेरॉइड म्हटलं की आपल्याला व्यायामशाळेतली इंजेक्शनं किंवा दम्याचा पंप आठवतो, पण हा वाडा तुमच्या अंगातल्या प्रत्येक पेशीत बांधलेला आहे. कोलेस्टेरॉल म्हणजे हाच वाडा. पुरुषाचं टेस्टोस्टेरॉन, बाईचं इस्ट्रोजेन, ताणाचं कॉर्टिसोल, सगळे याच नकाशावर थोडे फेरफार करून बांधलेले. त्यांत कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन आहेत. नायट्रोजन नाही.

आता पहिल्या चौकाच्या तिसऱ्या क्रमांकाच्या कोपऱ्याकडं चला. कोलेस्टेरॉलच्या वाड्यात या दाराशी ऑक्सिजन बसलेला असतो, सोबत एक हायड्रोजन. कोनेसीनच्या वाड्यात त्याच दाराशी, त्याच बाजूला, नायट्रोजन बसलाय, दोन्ही खांद्यांवर एकेक मिथिल (तीन हायड्रोजनवाला कार्बन) घेऊन. शेजारी पाचव्या-सहाव्या कोपऱ्यांमधला दुहेरी बंध कोलेस्टेरॉलमध्ये असतो तिथंच आहे. कुड्यानं आपल्याच कोलेस्टेरॉलचा वाडा घेतला, शेपटी छाटली आणि दारात नवा राखणदार बसवला. मग वाड्याच्या दुसऱ्या टोकाला जा. तिथं दुसरा नायट्रोजन आहे, आणि त्यानं वरच्या मजल्यावरून एक पूल टाकलाय: अठराव्या कार्बनपासून विसाव्या कार्बनपर्यंत. पुलामुळं पाचवा चौक तयार झाला. एकूण हिशेब २४ कार्बन, ४० हायड्रोजन, २ नायट्रोजन. ऑक्सिजन एकही नाही.

या दोन नायट्रोजनांनी काय फरक पडतो? बाहेर पाणी आहे, रक्तासारखं. नायट्रोजनपाशी मोकळी अशी इलेक्ट्रॉनांची एक जोडी असते; पाण्यातला भटका प्रोटॉन दिसला की तो त्याला धरून ठेवतो आणि स्वतः धन भारित होतो. हेन्सच्या आंबट पाण्यात कडूपणा विरघळला तो यामुळंच. आता विचार करा: कोलेस्टेरॉल हा तेलकट, लोण्यात रमणारा पदार्थ, पेशीच्या पडद्यात गुमान बसून राहतो. कोनेसीनचं अंग तितकंच तेलकट, पण दोन्ही टोकांना विजेचे दिवे. तेलातून शिरतो आणि आत जाऊन भार असलेल्या जागांना चिकटतो. जिभेवर कडू चव ओळखणारे पंचवीसएक प्रकारचे रिसेप्टर असतात, त्यांतल्या काहींना असे पाहुणे चटकन कळतात. चाचांच्या कागदावरचा दाणा तुम्हाला झोंबला त्यामागं हे आहे. झाडानं तुमच्यासाठी ते केलेलं नाही. पानं कुरतडणाऱ्यांनी दुसरीकडं जावं एवढीच त्याची इच्छा. बिया मोठ्या करायला एवढे कष्ट घेतल्यावर त्या कुणी फराळ म्हणून खाव्यात हे कुठल्या झाडाला आवडेल?

वरचा पूल जरा निरखून बघा, कारण त्यावर रसायनशास्त्रज्ञांचा फार जीव होता. अठरावा कार्बन म्हणजे वाड्याच्या छतावरचा एक मुका मिथिल. त्याला कशाचं सोयरसुतक नसतं. आम्ल टाका, अल्कली टाका, तो हलत नाही. पण १९५४च्या सुमारास अल्डोस्टेरॉनची रचना कळली, शरीरातलं मीठ सांभाळणारं हार्मोन, आणि त्यात नेमका हाच कार्बन बदललेला होता. हा मिथिल जागा कसा करायचा? कुड्यानं ते कधीच केलं होतं. इलिनॉय विद्यापीठात १९५८ साली ई. जे. कोरी आणि हर्टलर यांनी उत्तर शोधलं, आणि ते बघायला तुम्ही अगदी योग्य जागी उभे आहात. विसाव्या कार्बनवरच्या नायट्रोजनला त्यांनी एक क्लोरीन बांधला. मग आम्लात ठेवून प्रकाश सोडला. क्लोरीन तुटून उडाला, नायट्रोजनचा एक हात रिकामा, अस्वस्थ. सरळ रस्त्यानं, बंधाबंधांतून चालत गेलं तर अठरावा कार्बन लांब आहे. पण छतावरून हात लांब केला की तो अगदी शेजारी. नायट्रोजननं हात पुढं केला आणि मुक्या मिथिलचा एक हायड्रोजन ओढून घेतला. तिथं क्लोरीन येऊन बसला, नंतर नायट्रोजननं त्याला ढकलून स्वतःची गाठ मारली. पूल तयार. शेजाऱ्याकडं रस्त्यानं न जाता गच्चीवरून जावं, तसं. ही अभिक्रिया हॉफमान आणि ल्योफलर यांच्या नावानं जुनीच होती. ती स्टेरॉइडच्या छतावर वापरायचं सुचलं यात कोरींची नजर दिसते. त्यांना १९९०चं नोबेल मिळालं, अर्थात नुसत्या या पुलासाठी नव्हे.

थोडं मोठं व्हा. चाळीस-पन्नासच्या दशकातलं पश्चिम आफ्रिकेतलं एक इस्पितळ, फ्रेंच डॉक्टर, रांगेनं खाटा. आफ्रिकेतल्या कुड्याच्या भाईबंदातही कोनेसीन आहे, आणि इथं ते शुद्ध गोळीच्या रूपात अमीबिक हगवणीवर देतात. हगवण थांबते. पण रात्र झाली की बघा: खाटांवर डोळे उघडे. काहींना झोप येईना, काहींचे हात थरथरतात, काहींना चक्कर. सालीच्या काढ्यात पाव चिमूट असणारी वस्तू आता गोळीत एकवटली होती. चांगल्या सालीतही सगळी अल्कलॉइडं मिळून शेकडा दोनच्या आसपास भरतात. मग साठच्या दशकात मेट्रोनिडाझोल आलं, अमीबाला स्वस्तात आणि बिनबोभाट मारणारं, आणि कोनेसीन कपाटात गेलं. वैद्यांच्या दुकानात कुटजारिष्ट आणि कुटजघन वटी राहिल्या. त्या कधी, किती घ्यायच्या ते त्यांनाच विचारायचं.

पण त्या उघड्या डोळ्यांचं काय? २००८ साली अमेरिकेत अॅबट कंपनीच्या संशोधकांनी छापलं की कोनेसीन मेंदूतल्या एच-३ नावाच्या हिस्टामिन रिसेप्टरला घट्ट धरतं. हिस्टामिन म्हणजे नुसती खाज आणि शिंका नव्हेत. मेंदूत ते जागरणाचं रसायन आहे. एच-३ हा त्याचा ब्रेक. ब्रेक लागेनासा झाला की हिस्टामिन वाढतं, माणूस जागा राहतो. शिवाय कोनेसीन मेंदूत सहज शिरतं आणि बाहेर पडायला फार वेळ घेतं. आफ्रिकेतल्या त्या खाटांवरच्या रात्रींचं कोडं बहुधा इथं सुटतं, साठ वर्षांनी. दिवसा अचानक झोपेनं घेरणाऱ्या रोगावर एच-३ ला अडवणारं एक औषध २०१६ साली युरोपात मान्य झालं, पण ते कोनेसीन नव्हे. मेंदूत शिरून मुक्काम ठोकणारा पाहुणा औषध म्हणून कुणालाच नको असतो.

आणि परत येता येता घाटीवरून जाऊ. १९५६ साली सुरू झालेल्या सरकारी मेडिकल कॉलेजचं इस्पितळ. त्याचं खरं नाव कागदावर, तोंडात घाटी. ऑपरेशन थिएटरमध्ये भूलतज्ज्ञ सिरिंज भरतात. वेक्युरोनियम असेल किंवा दुसरं एखादं; नावाच्या शेवटी 'क्युरोनियम' असेल तर समजा, आत तोच चार चौकांचा वाडा. साठच्या दशकात स्कॉटलंडमध्ये ऑर्गनॉन कंपनीच्या रसायनज्ञांनी पहिला बांधला, पँक्युरोनियम, आणि पूर्वज होता मालुएटीन, कुड्याच्याच कुळातल्या एका आफ्रिकी झाडातला स्टेरॉइड, दोन्ही टोकांना नायट्रोजन. नसेकडून स्नायूला आज्ञा नेणारं ॲसिटिलकोलीनही धन भारित नायट्रोजनवाला. वाड्याच्या टोकांवरचे दोन नायट्रोजन त्याच्या जागेत जाऊन बसतात, आज्ञा पोचत नाही, पोटाचे स्नायू सैल पडतात, आणि शल्यविशारद काम सुरू करतात. श्वासाचे स्नायूही सैल पडतात, म्हणून यंत्र लावलेलं असतं. कुलूप दुसरं, किल्लीची घडण तीच.

हॉर्न पुन्हा ऐकू येतात. तोंडातला कडूपणा घशात उतरलाय, चाचा तुमच्याकडं बघून हसताहेत.

"क्या भाऊ, कौनसा?"

"कडवा."

ते डब्यातून मूठभर काढतात, तराजूत टाकण्याआधी स्वतः एक दाणा दातांखाली धरतात, तोंड वाकडं करतात आणि मान हलवतात. माल पक्का. पन्नास ग्रॅमची पुडी बांधली जाते, वर हरडा, वर सुंठ. मावशीचा फोन येतो. "अगं हो, कडूच," तुम्ही म्हणता, आणि ती म्हणते, "मग दुसरं असतं का काही?"

बाहेर हातगाडीवर बटाटे. एक किलो घेऊन टाकू, आलोच आहोत तर. गाडीवाला भराभर तराजूत टाकतो. त्यात एक बटाटा एका अंगानं हिरवा पडलाय, दिवसभर उन्हात राहिलाय. साल हिरवी होते ती हरितद्रव्यानं, त्यात विष नाही. पण त्याच उजेडानं बटाटा आपला दुसरा कारखाना सुरू करतो आणि सोलॅनीन बनवतो. चार चौकांचा वाडा, टोकाला नायट्रोजन, दाराशी तीन साखरेचे रेणू. उकडून जात नाही, तळून जात नाही.

तुम्ही तो उचलून बाजूला ठेवता.

"काय झालं? उन्हानं पडलाय हिरवा. चालतो की."

"राहू द्या, दुसरा टाका."

तो तुमच्याकडं बघतो, खांदे उडवतो आणि हिरवा बटाटा ढिगाच्या तळाशी खोचून दुसरा टाकतो. काटा किंचित तुमच्या बाजूला झुकतो.